बोलावण्याचा रकाना

“वहिनी, चहावर साय धरली, तरी तुमची लेक बोलेना,” नणंद मार्थाच्या कानाशी कुरकुरली.

पाळकसाहेब पेन उघडून बसले होते. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीच्या शिफारसपत्रात एकच रकाना उरला होता: प्रभूचं बोलावणं कधी आलं?

सुवार्ता बायबल मांडीवर धरून बसली होती. सेमिनरीचं सगळं आईनंच ठरवलेलं. मिशनच्या कॉलेजचा, वनस्पतिशास्त्राचा अर्ज सुवार्तानं मात्र त्याच बायबलात, नेच्याच्या वाळल्या पानाशी घडी करून ठेवला होता. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

“लिहा, संडे स्कूलात असताना,” नणंदेनं परस्पर ठरवून टाकलं.

“देवाच्या कागदावर खोटं, आत्या?” सुवार्ता पुटपुटली.

पेन टेकणार, तोच मार्थानं कागद ओढून घेतला.

“हिला मिशनच्या कॉलेजसाठी शिफारसपत्र द्या, साहेब. बोलावणं मला आलं होतं, सतराव्या वर्षी. घरच्यांनी लग्न लावून दिलं, म्हणून माझ्या जागी हिला धाडत होते मी.”