इवलासा एक

"एकही चौकोन नाही! रादोस्तिना, जिंकलीस बघ," पडद्यावर बोट आपटत स्तामेनसाहेब म्हणाले.

नगरपालिकेच्या संकेतस्थळावर गावातल्या झऱ्यांच्या तपासणीचा तक्ता होता. शब्दांच्या डोक्यावर आणि पायाशी बसणारे बारके आकडे तिथं उमटतच नसत. त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसत आणि लोक फोन करून जीव खात. पंधरा दिवसांपूर्वी रादोस्तिनाने ते सगळे पुसून टाकले, त्यांच्यावाचून बिनधन्याच्या झालेल्या तळाच्या ओळींसकट. तेव्हापासून फोन बंद.

तिचं मात्र कौतुकाकडे लक्ष नव्हतं. चार महिन्यांचा ओग्न्यान आठवडाभर मलूल होता. घरी त्याच्याजवळ सासूबाई होत्या, आणि सासूबाईंच्या घरगुती उपायांची तिला धास्ती होती.

फोन वाजला. सासूबाईच.

"अगं, ओठ निळे पडलेत त्याचे. नखंसुद्धा!"

"आई, काय पाजलंत त्याला? राकिया दारूत बोट बुडवून चाटवलंत ना? खरं सांगा!"

"जीभ झडेल माझी! डब्यातली पावडर आणि पाणी, बस्स. नळाचा थेंब नाही. रोज या गुडघ्यांनी खालच्या झऱ्यावर रांगेत उभी राहते मी."

"तुमचं झालं की नेहमीचं गुडघेपुराण! त्याला उचलून धरा, मी रुग्णवाहिका पाठवते."

म्हातारी काहीतरी लपवतेय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

रुग्णवाहिका निघाली. रुग्णवाहिकेच्या डॉक्टरने तिला फोन चालूच ठेवायला सांगितला.

"काय खाल्लं-प्यायलं त्याने?"

"माझ्या सासूलाच विचारा! नुसतं दूध म्हणते."

"पावडरचं? पाणी कुठलं?"

"खालच्या झऱ्याचं. ते चांगलंय, मीच सांगितलं होतं घरी. तपासणीचा तक्ता मीच चढवलाय."

"तक्ता नको. प्रयोगशाळेचा मूळ कागद आहे?"

तिने खण उपसला. कागद सापडला.

"हा घ्या. खालचा झरा, पिण्यास योग्य."

"पुढे काही?"

"काही नाही. 'योग्य'च्या डोक्यावर इवलासा एक आहे, तेवढाच."

"मग तळाशी बघा. एकच्या पुढे काय लिहिलंय?"

तिचं बोट कागदावरून खाली घसरलं.

"एक," ती मोठ्याने वाचू लागली, "वर्षाखालच्या बाळांच्या दुधासाठी हे पाणी वापरू नये."