हवेपेक्षा जड

"वायूला कसलं आलंय वजन?" ठकूने पेन्सिल टेबलावर टाकली. "माझ्या डोक्यात नाही शिरत हे."

मिनीने खुर्ची तिच्याजवळ ओढली. परीक्षा तोंडावर आली होती आणि ठकूचे रसायनाचे बरेच धडे बुडाले होते. दोन महिन्यांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून ती धड शाळेत आलीच नव्हती. आता शाळा सुटली की दोघी मिनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं पसरून बसत. यात उपकाराचा प्रश्न नव्हता. विजेच्या जोडण्यांची गणितं मिनीला काही केल्या जमत नसत, ती ठकू बोलता बोलता सोडवायची. रसायनात ठकू गडबडायची, तिथे मिनी होती. पहिलीपासून दोघींचं असंच चालत आलं होतं. दोघींचे वडीलही एकाच कातड्याच्या कारखान्यात. मिनीचे फोरमन, ठकूचे साफसफाईला.

ठकूचे वडील सांडपाण्याच्या टाकीत गाळ काढायला उतरले आणि शिडीच्या पायथ्याशीच कोसळले. उतरायला सांगितलं होतं मिनीच्या वडिलांनी. अग्निशमनच्या लोकांनी त्यांना वर काढलं तेव्हा स्ट्रेचरचं एक टोक मिनीच्या वडिलांनी धरलं, ते दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं नाही. त्याचा उपयोग झाला नाही.

मग चौकशी झाली. फोरमननी जबाब दिला की टाकीचं झाकण सकाळपासून उघडं होतं, त्यामुळे आतला विषारी वायू केव्हाच निघून गेला असेल असं वाटलं. तो तळाशी दबा धरून बसतो हे आम्हा कामाच्या माणसांना कोण सांगणार? चौकशीच्या साहेबांनी मान डोलावली. अपघात झाला, दोष कुणाचाच नाही, असं ठरलं. त्या संध्याकाळी फोरमन ठकूच्या घरी गेले आणि तिच्या आईसमोर लहान मुलासारखे रडले. आईनेच त्यांना पाणी आणून दिलं. माणूस मनाचा चांगला आहे, असं ती येईल त्याला सांगत राहिली.

आज ते सकाळची पाळी करून घरी होते. बाहेरच्या खोलीत खुर्चीचा निखळलेला पाय ठोकून बसवत होते. हातोडीचे ठोके स्वयंपाकघरात ऐकू येत होते.

"हे बघ," मिनी म्हणाली, "हायड्रोजन सल्फाइड. याचं वजन काढ आधी." ठकूने काढलं. हवेपेक्षा जास्त आलं. तरी तिचा चेहरा कोराच होता. जड असला म्हणून काय, वायू तो वायूच, भांडं उघडलं की उडून जाणार, असं तिचं म्हणणं.

मिनीने ओट्यावरची बादली खाली घेतली आणि तिच्यापुढे ठेवली. तळाला पाणी होतं.

"ही अशी उघडी ठेवली तर आतलं पाणी उडून जाईल का?"

"नाही."

"जड वायूचं तसंच. वर कितीही उघडं ठेव, तो तळाला पाण्यासारखा बसून राहतो. खालपर्यंत नळी सोडून जोराची हवा मारली, तरच निघतो."

ठकू बादलीकडे बघत राहिली. हे तिला चटकन कळलं, इतकं चटकन की पुढचा प्रश्न आपोआप आला.

"म्हणजे झाकण सकाळपासून उघडं असलं, तरी?"

"तरी," मिनी म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला कळलं, आपण कुठल्या टाकीबद्दल बोलतोय.

तिने घाईघाईने पुस्तकाचं पान उलटलं. दुसरा धडा घेऊ या, असं काहीतरी पुटपुटली. ठकू रडली नाही. तिने मिनीचा हात धरला आणि उलट तिचीच समजूत काढायला लागली. तू वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाली. बरं झालं कळलं. आई रोज विचारते, माणूस उभ्या उभ्या कसा गेला, आता तिला नीट सांगता येईल.

"काकांना हे ठाऊक असतं तर त्यांनी बाबांना उतरू दिलं नसतं," ठकू म्हणाली. "कुणालाच ठाऊक नव्हतं गं."

मिनीने हात सोडवून घेतला आणि बादली पुन्हा ओट्यावर ठेवली.

ठकूने पुस्तक पुन्हा स्वतःकडे ओढलं. धडा वरपासून खालपर्यंत पाहिला. वजनं होती, सूत्रं होती. बादली कुठे नव्हती, नळी नव्हती, हवा मारायची गोष्ट नव्हती.

"पुस्तकात तर हे काहीच नाही," ती साधेपणाने म्हणाली. "किती सोपं करून सांगितलंस तू. तुला कुणी शिकवलं?"

बाहेरच्या खोलीतली हातोडी थांबली.

सरांनी, एवढंच म्हणायचं होतं. ठकूने विश्वास ठेवला असता. तिने मिनीवर आजवर कशाबद्दलच अविश्वास दाखवला नव्हता. मिनीने दाराकडे पाहिलं. दारात कुणी आलं नाही. खुर्ची ठोकण्याचा आवाजही पुन्हा सुरू झाला नाही.

"बाबांनी," मिनी म्हणाली. "मागच्या वर्षी."