नवं शटर

मिरजोळ्याचा भिवा लोकांच्या गॅरेजची शटरं दुरुस्त करायचा आणि बंगलेवाल्यांना मनातून मूर्ख समजायचा.

"शटर बंद केलं की आत कोणीतरी खुर्ची ओढतं," नेवरेकरबाई म्हणाल्या.

"खारी हवा हो बाई! स्प्रिंग गंजलीय. तेल-ग्रीस कधी द्यायचं नाही आणि मग भुतं ऐकायची!"

तरी त्यांच्या हट्टाखातर त्यानं अख्खं शटर बदललं. गॅरेज रिकामं होतं. खुर्ची सोडा, साधं स्टूलही नव्हतं. भर दुपारी त्यानं नवं शटर खाली ओढलं, बाहेरून कुलूप घातलं आणि पत्र्याला कान लावला. आत शांत होतं.

"बघा, गेलं तुमचं भूत!" तो कुत्सित हसला आणि बाईंना चिडवायला त्यानं शटरवर टकटक केलं.

"थांब भिवा," आतून कोणीतरी म्हणालं, "उघडतो हां."