गिटार काढायला कोणी हो म्हटलं?

माझ्या रॉक अल्बममधली गिटार काढून कंपनीनं ढोलकी घातली होती. मी करारावर सही करणारच नव्हतो. नालवाडीच्या एसटीडी बूथमधून मुंबईला कंपनीत फोन लावला. काचेबाहेर माझी बायको समीक्षा उभी होती.

“मी गजेंद्र. माही कॅसेट अशी निघणार नाई,” मी म्हणालो.

“गजेंद्रजींनी तर आत्ताच सही केली,” मॅनेजर म्हणाला. “माझ्यासमोर चहा पीत बसलेत. तुम्ही कोण बोलताय?”

कंपनीनं नकलाकार आणून बसवला होता तर! सहीसाठी हे लोक काहीही करतील.

“द्या त्याले फोन.”

पलीकडं कोणीतरी खाकरलं. गाण्याआधी मी खाकरतो, अगदी तसंच.

“समीक्षाले दे,” तो म्हणाला.

ती इथं आहे, हे याला कोणी सांगितलं? मी दार उघडून तिच्या हाती रिसीव्हर दिला. ती हा खोटा आवाज लगेच पकडणार, याची मला खात्री होती.

ती ऐकत राहिली. तिचा चेहरा खुलला. मग माझ्याकडं बघून ती पदर सावरत मागं सरकली.

“तुमी लवकर या जी,” ती फोनमध्ये कुजबुजली. “इथं एक माणूस तुमच्यासारखा बोलून राह्यला. मले भेव लागून राह्यलं.”