बेटाच्या वाटेची वेळ

सोआझिग कोरडी ब्लँकेटं घेऊन कॉटेजमध्ये शिरली, तेव्हा रेमी शेगडीपाशी बाकावर बसून कुडकुडत होता आणि त्याची बायको देल्फीन बॅग भरत होती. एकच बॅग, स्वतःची आणि मुलीची. आठ वर्षांची अनूक आईच्या स्वेटरमध्ये पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली होती.

दोन तासांपूर्वी बापलेक समोरच्या बेटावरून परत येताना भरतीत सापडले होते. ओहोटीला उघडी पडणारी दगडी वाट अर्ध्यावरच पाण्याखाली गेली. पाणी रेमीच्या छातीला लागलं तेव्हा पोरगी त्याच्या खांद्यावर होती. कालवं काढून परतणाऱ्या गावातल्या फाँशनं होडी वळवली म्हणून दोघं वाचली. देल्फीन डोकं दुखतंय म्हणून मागं राहिली होती. तिनं हे सगळं कॉटेजच्या अंगणातून पाहिलं. हाका मारून तिचा आवाज बसला होता.

सोआझिगनं अनूकच्या अंगावर ब्लँकेट घातलं, दूध तापत ठेवलं. या कॉटेजच्या किल्ल्या एकोणीस वर्षं तिच्याकडे होत्या. दर शनिवारी चादरी बदलायच्या, टेबलावर केक ठेवायचा, सुट्टीत भाड्यानं राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायच्या. जवळपास काय काय बघायचं त्याची फाइलही तिनंच केली होती. दीपगृह, उभ्या शिळांचं माळरान, बिस्किटांचा कारखाना, सगळं त्यात होतं. पण लोक जायचे ते बेटावरच.

दुधासाठी फ्रिज उघडला तेव्हा त्या कागदाकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. बंद करताना मात्र नजर पडली. गुरुवार, वाट मोकळी, एक ते पाच.

चार. आज वाट चारला बुडणार होती. हे तिला कागदाशिवाय माहीत होतं, सकाळी खिडकीतून पाणी बघूनच कळलं होतं. उन्हाळ्यात इथं घड्याळं तासभर पुढं करतात; बंदराच्या जुन्या तक्त्यात तो तास मिळवावा लागायचा, म्हणून हात सवयीनं मिळवत आला. यंदा पर्यटन कचेरीनं नुकतीच नवी पुस्तिका दिली होती. तिच्यात तो तास आधीच धरलेला होता, आणि तिनं तो पुन्हा मिळवला होता.

तिच्या बापानं तिला चालायला शिकवायच्या आधी पाणी वाचायला शिकवलं होतं. गावात कुणाची होडी अडकली की सोआझिग हसायची.

"दोन आकडे वाचायचे होते, रेमी," देल्फीन बसक्या आवाजात म्हणाली. "दोनच. तेवढंही तुझ्याच्यानं झालं नाही."

रेमीनं मान हलवली. चुकलं, म्हणाला. मगाचपासून तो एवढंच म्हणत होता. दवाखान्यात नको, डॉक्टर नको, माझंच चुकलं.

देल्फीननं सांगितलं, की ती आज अनूकला घेऊन आईकडे जाणार आहे आणि पुढचं काय ते नंतर कळवेल. ती ओरडली नाही. बोलताना ती मुलीचे मोजे जोड्या लावून ठेवत होती.

सोआझिगचा हात कागदावर गेला. चिकटपट्टी अलगद सुटली. तिनं त्याची चौघडी करून एप्रनच्या खिशात टाकली. कुणाचं लक्ष नव्हतं. मालक रेन शहरात असायचे, ते काही विचारणार नव्हते. माणूस स्वतःच चूक कबूल करतोय, पोरगी धड आहे. तिनं दूध कपात ओतलं, अनूकच्या हातात दिलं, आणि येते म्हणून दारापर्यंत गेली.

दारात तिनं मागं बघितलं. रेमी उठून देल्फीनला बॅगेची चेन लावू लागत होता. अडकलेली चेन तो गुडघ्यावर बसून ओढत होता.

सोआझिग परत आली. कागद उलगडून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "यात पाच लिहिलंय. वाट आज चारलाच बुडणार होती. यांनी बरोबर वाचलं. मी चुकीचं लिहिलं."

देल्फीननं कागद उचलला. गुरुवारची ओळ तिनं बोट ठेवून वाचली, मग पुन्हा वाचली. सोआझिग वाट बघत उभी राहिली. शिव्या येतील, मालकाचा नंबर मागतील, पोलिसांना बोलावतील. त्यातलं काहीच आलं नाही. देल्फीन सोआझिगकडे बघतच नव्हती.

"पाच लिहिलं होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मग तू बोलला का नाहीस?"

रेमी अजून जमिनीवरच होता.

"मी परत बघितलंच नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच चुकलं असणार."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

देल्फीनच्या हातात मुलीचा एक ओला बूट होता. तो बॅगेत टाकावा की खाली ठेवावा, हे न कळल्यासारखी ती तशीच उभी राहिली.