सकाळी सात वाजताचं स्वातंत्र्य

मे महिन्यात नागपूरच्या पूर्वेकडच्या जंगलातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी कॉलेजच्या मुलांचं पाच दिवसांचं निवासी शिबिर भरलं होतं. विषय होता व्यक्तिस्वातंत्र्य, आणि मुलं आसपासच्याच गावांतली. पहिल्या दिवशी नागपूरहून आलेले चंद्रशेखर सर दोन तास पोटतिडकीने बोलले. आपलं भलं कशात आहे हे ज्याचं त्यालाच कळतं, वरून कोणी ठरवून द्यायची गरज नसते, हे वाक्य त्यांनी मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सर व्याख्यानाला उभे राहिले, तर समोर नुसत्या सतरंज्या. मुलं उगवली दहा वाजता, घामाघूम, डोक्यावर विड्यांसाठी विकायच्या तेंदूपानांचे भारे घेऊन.

"कुठे होता सगळे?" सरांनी विचारलं.

भूमेश्वरी नावाच्या मुलीने भारा खाली ठेवला. "जंगलात, सर. पानतोडाई आठ-दहा दिवसच तं चालते. माह्या कॉलेजची फी याच्यातूनच निघते. तुमचं भाषण दुपारी बी आयकता येते, पान उन्हाच्या आधीच तोडा लागते."

मग ती जरा चाचरली. "आपलं भलं आपल्यालेच कळते, असं तुमीच तं काल सांगून राहिले होते."

सर खोलीत गेले. दुपारी सभागृहाच्या दारावर त्यांच्या सुंदर अक्षरातला कागद लागला होता.



"उद्या सकाळी ठीक सात वाजता. विषय : माणसाची स्वेच्छा. हजेरी सक्तीची."