नाव न विचारता

"माझं नाव लिहू नका, गुरुजी. कळलं तर कंपनी आयडी बंद करती. मग घरी काय सांगू?"

वीरेशनं पाठीवरची चौकोनी बॅग अजून उतरवली नव्हती. तो नांदेडात घरोघरी जेवण पोचवायचा.

"नाव विचारलंय कुणी?" रेणुकादास गुरुजी म्हणाले. "आधी पाणी पी. तो फोन टाक टोपलीत. ऐकत असेल मेला."

वीरेश हसला. टोपलीत आधीच चार-दोन फोन पडले होते. गुरुजींनी त्यांच्यावर पंचा झाकला आणि कागद पुढं ओढला.

कागद त्यांच्या नातीचा, मनस्विनीचा. ती लातूरच्या एका संस्थेत संशोधन करायची. अभ्यास दोन गोष्टींचा होता. डिलिव्हरीवाली पोरं कशी जगतात, आणि त्यांच्यासाठी फुकट राबणारे स्वयंसेवक का राबतात. तिचा पहिलाच प्रश्न गुरुजींनी खोडला होता.

"'कामावर समाधानी आहात का?' असं विचारलं की पोरं हो म्हणतात, मने. जन्मभर वर्गात तेच ऐकलं मी. सकाळपासून पाणी कुठं प्यालास, लघवीला कुठं गेलास, ते विचार."

स्वयंसेवकांच्या कागदावर तिनं कारणं दिली होती: समाजसेवा, समाधान, वेळ घालवणे.

"यात राग कुठाय?"

"राग हे कारण असतं का, आजोबा?"

"माझं तेच आहे. लिही."

तो राग आला होता तिच्याच मोबाईलवरून. एका दुपारी तिनं जेवण मागवलं आणि नकाशावर सरकणारा ठिपका दाखवला. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिला.

"हा ठिपका म्हणजे माणूस?"

"हो. कुठं आहे, किती वेळ थांबलाय, सगळं दिसतं."

दारात वीरेश आला तेव्हा त्याचे ओठ फुटले होते. गुरुजींनी त्याला सावलीत बसवलं आणि नातीकडं वळून म्हणाले, "लेकराला धाप लागलीय, ते नाही दिसलं तुझ्या नकाशात."

मनस्विनीचा बेत होता पोरं उभी असतील तिथं जायचा. कधी हॉटेलच्या मागं, कधी झाडाखाली. पण शिवमूर्ती मध्ये पडला. शिवमूर्ती म्हणजे गुरुजींचा मुदखेडच्या शाळेतला विद्यार्थी. अभ्यासाचं ऐकून आपणहून आला, पायावर डोकं ठेवलं.

"ताई, रोज फिरत बसलात तर पोरांनी तुम्हाला हुडकायचं कुठं? एक जागा धरा, एक वेळ धरा. तरोडा नाक्याजवळ मी मांडव टाकून देतो. आन् पोरं ड्युटीवर असतानाच बोलवा. घरी जाऊन आंघोळ केल्यावर कोण खरं सांगतंय?"

"हुशार आहे माझा शिवमूर्ती," गुरुजी म्हणाले. "काय करतोस हल्ली?"

"कंप्युटरचं काम करून राहिलो, गुरुजी. नकाशे-बिकाशे." मग तो मनस्विनीला सांगू लागला, "ताई, गुरुजींनी वर्गात कधी हजेरी पुकारली न्हाई. ज्याची त्याची जागा ठरलेली. घंटा झाली की गुरुजी नुसती नजर फिरवायचे. आपण घरी राहिलो ते आपल्या आधी त्यांना ठावं!"

"नाव पुकारलं की पोरं दचकतात रे," गुरुजी खुलून म्हणाले.

मांडव पडला. खुर्च्या आल्या, पाण्याचे जार आले, सगळं शिवमूर्तीनं पाठवलेलं. रोज दुपारी तीनला पोरं येत, टोपलीत फोन टाकत आणि बोलत.

"फाटक बंद होतं, गुरुजी," वीरेश आज सांगत होता. "गाडी जाईना. उशीर झाला म्हणून कंपनीनं मलाच यादीत खाली टाकलं. ऑर्डरीच येईनात."

"रेल्वे काय तुझ्या बापाची आहे?"

"तसं म्हणलं मी. तर म्हणाले, लई बोलतोस."

गुरुजींची लेखणी कागदात रुतली. "बोल. लई बोल. हे छापून येईल, त्यांच्या टेबलावर आपटीन मी. आणि तुझं नाव माझ्या तोंडून यमालासुद्धा कळणार नाही. शब्द आहे माझा."

वीरेशनं बॅग उतरवली. मग तो बराच वेळ बोलत राहिला.

पुढच्या आठवड्यात तो गुरुजींच्या घरी चालत आला. पाठीवर बॅग नव्हती.

"आयडी बंद केला, गुरुजी. माझाच न्हाई. मांडवात बसलेल्या समद्यांचा. दुसऱ्या कुणाला हात लावला न्हाई." तो खाली बघत होता. "तुम्ही शब्द दिला होता."

गुरुजींनी कपाटातला गठ्ठा काढला आणि एकेक कागद उलटून पाहिला. कुठंच नाव नव्हतं. गाडीचा नंबर नव्हता. गावाचंही नाव नव्हतं. मनस्विनीला फोन लावला. तिनंही कागद कुणाला दाखवले नव्हते.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"त्यांच्या साहेबाकडं. माझ्या कागदात तुझं नाव दाखव म्हणतो. नाही दाखवलं तर तिथंच बसतो, उठत नाही."

कंपनीचं ऑफिस एका बँकेच्या वर होतं. जिना चढताना वीरेशनं हात पुढं केला, पण गुरुजींनी तो धरला नाही. दारातल्या पोरीनं अडवलं. ते थांबले नाहीत. आतलं दार ढकलून त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला.

"दाखवा! कुठं लिहिलंय या पोराचं नाव?"

खुर्चीतला साहेब लगबगीनं उठला, वाकून गुरुजींच्या पाया पडला आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

"बसा, गुरुजी," शिवमूर्ती म्हणाला. "नाव कशाला लागतंय? जागा ठरलेली, वेळ ठरलेली. मी नकाशावर नुसती नजर फिरवली."